पाटीवरची ‘कला’

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला येणाऱ्या रस्त्यावर ‘कला’ हा शब्द दोन प्रकारच्या पाट्यांवर दिसतो. एक म्हणजे ‘कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय’. दुसरी चौफुल्याजवळची, ‘सांस्कृतिक कला केंद्र’. दुसऱ्या पाटीच्या मागे ढोलकी वाजते, लावणी होते. पाटीवर लिहिलेलं आत खरोखर मिळतं. पहिल्या पाटीच्या मागे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल शिकवतात. चित्र काढायला, माती मळायला किंवा गाणं म्हणायला शिकवणारा वर्ग तिथे सहसा नसतो. तरी घरंदाज पाटी पहिलीच, आणि दुसरीचा उल्लेख लोक हळू आवाजात करतात.

अशाच एका पहिल्या पाटीच्या मागे मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. ‘कला शाखेचे विद्यार्थी’ हे शब्द मी हजारो वेळा उच्चारले असतील. त्या शब्दांचा इतिहास मात्र फार उशिरा शोधला, आणि तोही पुतणीने विचारलं म्हणून. शिरूरच्या शाळेतून इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा ती ‘ए’ श्रेणीत पास झाली होती. दहावी झाल्यावर म्हणाली, “काका, मला चित्रकला पण पाहिजे आणि इतिहास पण. मग आर्ट्सला जाऊ ना?” आर्ट्सला आर्ट नसतं हे तिला समजावून सांगणं, वाटतं तितकं सोपं नव्हतं.

घोळ भाषांतरातला आहे, पण भाषांतरकाराला दोष देऊन तो सुटत नाही. लॅटिनमध्ये ‘आर्तेस लिबरालेस’ म्हणजे मुक्त माणसाच्या विद्या. मध्ययुगीन युरोपात त्या सात होत्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि ज्योतिष. यात चित्रकला नाही, शिल्पकला नाही, सुतारकाम तर नाहीच. कारण उघड आहे. चित्रकार आणि पाथरवट हाताने काम करत, मजुरी घेत, आणि हाताने काम करणारा माणूस मुक्त समजला जात नसे. म्हणजे ‘आर्ट्स’मधून चित्र वगळलं गेलं ते मुंबईत नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. इंग्रजीत निदान अनेकवचनातल्या ‘आर्ट्स’वरून आणि एकवचनातल्या ‘आर्ट’वरून फरक थोडा कळतो. मराठीत दोन्हींची ‘कला’ झाली आणि फरक बुजला. ‘मानव्यविद्या’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे, पण तो विद्यापीठाच्या कागदांवरून कधी एसटी स्टँडपर्यंत उतरला नाही.

मुंबईत जे घडलं ते मात्र तारखांनिशी सांगता येतं. १८५१ साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं आणि हिंदुस्थानी कारागिरांचं काम बघून इंग्रज थक्क झाले. यंत्रावरच्या मालाला चांगली नक्षी हवी, तर नक्षी शिकवणाऱ्या शाळा हव्यात, असं तिथे ठरलं. १८५३ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत अशी शाळा काढायला एक लाख रुपये देऊ केले, आणि २ मार्च १८५७ रोजी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्याच वर्षी, १८ जुलैला, मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. एकाच शहरात, एकाच सरकारखाली, साडेचार महिन्यांच्या अंतराने दोन संस्था उभ्या राहिल्या आणि दोघींनी एकमेकींकडे पाठ केली. विद्यापीठाने ‘आर्ट्स’ घेतलं, जे.जे.ने ‘आर्ट’ घेतलं. बी.ए. झालेला मामलेदार, मुन्सफ किंवा वकील होई. जे.जे.मधून निघालेला ड्रॉइंग मास्तर होई, नाहीतर इमारतींच्या दगडी नक्षीवर काम करी. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या सजावटीवर जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे, आणि ज्या जी.आय.पी. रेल्वेचं ते मुख्य ठाणं, तिच्याच मार्गावरचं मोठं जंक्शन म्हणजे आमचं दौंड. इंग्रजांच्या कागदावर ‘धोंड’.

जे.जे.च्या विद्यार्थ्याला पदवी नव्हती, पदविका होती. विद्यापीठाची पदवी मिळायला विसाव्या शतकाचं शेवटचं पाव उजाडावं लागलं. सव्वाशे वर्षं दोन भाऊ एका गावात राहून वेगळं जेवत होते म्हणा ना. याला सन्मान्य अपवाद मराठी माणसांच्याच हातून झाले, ते मात्र बडोद्याला. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये तिथे कलाभवन काढलं. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके जे.जे.नंतर तिथे शिकले. १९५० मध्ये बडोद्याच्याच विद्यापीठात ललित कला हा पूर्ण विभाग म्हणून आला आणि ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवू लागले. तिथल्या मुलाला कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र वाचावंच लागे. मुंबईने आणि पुण्याने हे बघितलं, कौतुक केलं, आणि आपल्या पाट्या होत्या तशा ठेवल्या.

खेड्यापाड्यांत या सगळ्यातलं एकच पोचलं, ते म्हणजे ग्रेड परीक्षा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यांना कुणी हसू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलं मूल हायस्कुलात पहिल्यांदा ड्रॉइंग बोर्ड, क्लिप आणि जलरंगांची पेटी घेऊन परीक्षा केंद्रावर जातं, तो त्याच्या आयुष्यातला मोठा दिवस असतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, कर्तव्य भूमिती, अक्षरलेखन आणि संकल्पचित्र. हा शेवटचा शब्द नीट वाचावा. आज ज्याला ‘डिझाइन’ म्हणून लाखांची फी घेतात, त्याला ग्रेड परीक्षेच्या मास्तरांनी कधीच सुंदर मराठी नाव देऊन ठेवलं होतं. पण संकल्पचित्र पुढे जायचं कुठे, याचं उत्तर त्या परीक्षेत नाही. दहावीला थोडे वाढीव गुण मिळतात, आणि पेटीतले रंग वाळून जातात.

माझ्या शोधाला खरं वळण मिळालं ते चौफुल्यापासून जवळच, केडगावात.

पंडिता रमाबाईंची ‘मुक्ती’ आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मिशन’ म्हटलं की रिक्षावाला न विचारता नेतो. रमाबाईंबद्दल आपण तीन गोष्टी शिकतो: संस्कृत पांडित्य, विधवांचा आश्रम आणि धर्मांतर. चौथी गोष्ट क्वचित कुणी सांगतं, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या चौथीत आहे.

१८८६ च्या मार्च महिन्यात रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या, तो पदवीदान समारंभ ११ मार्चचा. आल्या होत्या समारंभाला, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. या मुक्कामात व्याख्यानं दिली, पैसे जमवले, पुस्तक लिहिलं, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच काळात, तिशीच्या उंबरठ्यावरची ही पंडिता बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणवर्गात जाऊन बसली आणि फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकली. जिने महाराष्ट्रातल्या आणि बंगालमधल्या शास्त्रीमंडळींना संस्कृतात गप्प केलं होतं, ती लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे हाताळायला शिकत होती.

हे ठोकळे साधे नव्हते. जर्मनीतल्या फ्रीडरिश फ्रोबेलने १८३७ पासून ही पद्धत बसवली. मुलाला आधी मऊ चेंडू द्यायचे, मग लाकडाचा गोल, नळकांडं आणि घन. पुढे आठ लहान घनांत सुटणारा मोठा घन. त्यानंतर कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांची वीण, सुईने टोचून काढलेली आकृती, चौकटीच्या कागदावरचं रेखाटन, माती. पुस्तक नाही, पाठांतर नाही. आकार, प्रमाण आणि रचना यांची समज आधी हाताला यावी, डोक्याला मागाहून. १८७६ साली फिलाडेल्फियाला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात एका बाईने हे ठोकळे पाहिले आणि आपल्या मुलासाठी घेतले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत शेवटपर्यंत राहिला असं तो म्हाताऱ्या वयातही सांगे. जर्मनीत १९१९ मध्ये बाउहाउस ही डिझाइनची संस्था निघाली. तिचा पायाभूत वर्ग बसवणारा योहानेस इटन मुळात फ्रोबेलच्या पद्धतीत तयार झालेला प्राथमिक शिक्षक होता. आज जगातल्या बहुतेक डिझाइन कॉलेजांत पहिल्या वर्षाला कागद दुमडून, ठोकळे रचून, पोत आणि रंग हाताळून जे शिकवतात, त्याचं एक मूळ त्या बालवाडीत आहे.

ते मूळ रमाबाईंनी मराठी मुलखात आणलं. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवा मुलीला शिक्षिका, परिचारिका होता यावं, हाताच्या कसबाचं कामही यावं, ही योजना त्यांनी अमेरिकेत लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकातच मांडली होती. यातलं वेगळेपण चटकन लक्षात येत नाही. त्या काळी उच्चवर्णीय घरातल्या बाईने वाचायला शिकणं हे बंड होतं. पण तिने माग चालवणं, छापखान्यात काम करणं, हे बंडाच्याही पलीकडचं होतं. वाचणाऱ्याची जात एक आणि विणणाऱ्याची दुसरी, ही आपली व्यवस्था. रोमन लोकांनी ‘मुक्त’ आणि ‘दास’ अशी वाटणी केली, आपण ती अठरा घरांत केली, एवढाच फरक.

१८९३ मध्ये सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठलं. भांडारकर, रानडे यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली. त्या वादात कोण किती बरोबर होतं यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि रमाबाईंचा ख्रिस्ती प्रचाराचा हेतू नाकारण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पण त्या वादाची एक किंमत कुणी मोजत नाही. पुण्याच्या शिकल्यासवरल्या वर्गाने रमाबाईंबरोबर त्यांचा शिक्षणप्रयोगही नजरेआड केला. प्लेग आणि दुष्काळाच्या दिवसांत सगळं केडगावला हललं. तिथे त्यांनी आधीच जमीन घेऊन फळबाग लावायला सुरुवात केली होती. मध्य प्रांतातून, मग गुजरातेतून दुष्काळात होरपळलेल्या बायका-मुली आल्या. विसावं शतक लागताना केडगावच्या माळावर दोन हजारांच्या घरात माणसं राहत होती.

त्या माळावर काय काय चालायचं याची यादी वाचून मी थांबलो. शाळा, शिक्षिका तयार करणारा वर्ग, बालवर्ग. माग, शिवण, तेलघाणा, गोठा, शेती. दृष्टिहीन बायकांसाठी ब्रेल, जे रमाबाईंची मुलगी मनोरमा शिकवी, आणि वेताचं विणकाम. आणि छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्याचे खिळे याच बायकांनी जुळवले. उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू ओळ, तिच्याशेजारी देवनागरीची काना-मात्रा सांभाळणारी ओळ, आणि जुळवणारी बाई कदाचित दहा वर्षांपूर्वी अन्नान्नदशेत आणलेली. खिळे जुळवणं म्हणजे आजच्या भाषेत टायपोग्राफी. ओळीत किती मोकळी जागा सोडायची, शब्द कुठे मोडायचा, पान डोळ्याला कसं दिसेल, हे ठरवायला भाषाही यावी लागते आणि हातही बसावा लागतो. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. भाषांतर हातावेगळं झालं होतं, पण पूर्ण ग्रंथ छापून व्हायला पुढे दोन वर्षं लागली. ते काम मागे राहिलेल्या बायकांनी पुरं केलं.

मुक्तीला मी ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ म्हणणार नाही. ते ओढूनताणून होईल. तिथे शिस्त कडक होती, प्रार्थना सक्तीची नसली तरी सगळं तिच्याभोवती होतं, आणि माग चालायचा तो पोटासाठी, कलेसाठी नव्हे. कुणी तिथे निसर्गचित्र काढलं असेल तर ते हौसेने. पण अक्षर आणि हात यांच्यामधली भिंत तिथे नव्हती, आणि ती नसण्याचं कारण गरिबी एवढंच नव्हतं. फिलाडेल्फियात मुद्दाम शिकून आणलेली एक समज होती. ‘लिबर’ म्हणजे मुक्त. नाव ठेवताना रमाबाईंच्या मनात ख्रिस्ती अर्थाची मुक्ती होती हे खरंच, पण केडगाव स्टेशनवर उतरताना मला त्या शब्दाचा लॅटिन अर्थही आठवतो.

या कहाणीची एक फांदी पुण्यातही वाढली. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. महाराष्ट्रात बी.ए.ला चित्रकला हा विषय घेण्याची सोय ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यात हे विद्यापीठ आहे. एकातून दुसरं निघालं असा पुरावा माझ्याकडे नाही. तरी बायकांच्या शिक्षणातच ही भिंत पातळ का राहिली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पुरुषांच्या बी.ए.ला नोकरी मिळवायची होती. बायकांच्या शिक्षणाकडून तेवढीच अपेक्षा नसल्याने असेल, त्यात थोडी मोकळीक उरली.

शिरूरची गोष्ट त्या मानाने छोटी. घोडनदीच्या काठची ही जुनी छावणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. रेव्हरंड रिचर्ड विन्सर तिथे होते आणि मिशनची औद्योगिक शाळाही होती. हेतू तोच, हाताला काम. पण तिथून पुढे आलेली वाट सरळ आयटीआयकडे गेली. एका दाराने ‘कला’, दुसऱ्या दाराने ‘फिटर-वेल्डर’, अशी व्यवस्था पक्की झाली. आज त्याच तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे. तिथे फ्रिज तयार होतात. आपल्या घरातल्या फ्रिजच्या दारावर लाल-जांभळी फुलांची नक्षी असते ना, ते संकल्पचित्रच. तालुक्यातला आयटीआयचा मुलगा त्या दाराचे स्क्रू बसवतो, बी.ए. झालेला मुलगा त्याच कंपनीत कंत्राटी सुपरवायझर होतो, आणि ते फूल काढणारा माणूस यांच्यापैकी कुणीच नसतो. तो कुठेतरी दूर, एखाद्या डिझाइन संस्थेत शिकलेला असतो.

अशा संस्था आता लांबही राहिलेल्या नाहीत. जे.जे.त शिकून जर्मनीतल्या उल्मला गेलेले सुधाकर नाडकर्णी परत आले आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र उभं राहिलं, तेव्हा ही विद्या महाराष्ट्रात पक्की रुजली. पुण्याच्या लवळ्याला, विमाननगरला ‘लिबरल आर्ट्स’ नावानेच शिक्षण मिळतं. इतिहास घ्या, सोबत चित्रकला घ्या, डिझाइन घ्या, कुणी अडवत नाही. लोणी काळभोरला डिझाइनची मोठी संस्था आहे. दौंडच्या लोकलमध्ये बसलं की लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव. लोणीला पहिल्या वर्षाची मुलं कागद दुमडून घन तयार करतात. केडगावला ती विद्या सव्वाशे वर्षांपूर्वी येऊन गेली. मधल्या गावांतल्या किती मुलांना यातलं एक तरी परवडतं, हे फीच्या तक्त्यावरून कळतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये याच भिंतीबद्दल लिहिलंय. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांचा हवाला देऊन, गाणं-चित्र आणि सुतारकाम-शिवण यांना एकाच पंगतीत बसवणारी कल्पना मुळात भारतीयच असल्याचं धोरण सांगतं. वाचायला छान वाटतं. पण चौसष्ट कला शिकणारा तो राजपुत्र होता. रंधा आयुष्यभर ज्याच्या हातात असे त्या सुताराला कुणी चौसष्टांतली एकही पोथी वाचायला दिली नव्हती. पंगत कागदावर होती, आणि तिच्याबद्दल बोलताना महात्मा फुल्यांनी आणि रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे काय मांडलं तेही धोरणात आलं असतं तर बरं झालं असतं.

तरी त्या धोरणामुळे एक फट पडली आहे. आता तालुक्याच्या महाविद्यालयातही मुख्य विषयासोबत बाहेरच्या शाखेतला खुला विषय घेता येतो. इतिहासाच्या मुलीला चित्रकला घेता येईल, नियम आड येत नाही. आड येतो तो वर्कलोड. कुठला खुला विषय ठेवायचा हे, कोणत्या प्राध्यापकाचे तास कमी पडतायत त्यावर ठरतं. चित्रकलेचा माणूस कॉलेजात नाही, म्हणून तो विषय यादीत येत नाही. विषय यादीत नाही, म्हणून पद मंजूर होत नाही. खाली हायस्कुलातही निवृत्त झालेल्या ड्रॉइंगच्या सरांची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते, आणि शिक्षण हक्क कायद्याने सांगितलेले कलेचे निदेशक अंशकालीनच आहेत.

पुतणी बी.ए. झाली, इतिहास घेऊन. तीन वर्षं ती दुपारी शिरूरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉवर वाढदिवसाचे आणि दशक्रियेचे बोर्ड करत होती. परवा मी तिला रमाबाईंच्या छापखान्याची गोष्ट सांगितली. हिब्रू ओळ उलटी जाते म्हटल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल, तर, “मग दोन्ही ओळींची उंची कशी जुळवत होत्या त्या?” मला सांगता आलं नाही. मुक्तीत जुनी पानं बघायला मिळतात का, ते विचारून येते म्हणाली.